चार तारांची केबल

साबिराचा नवरा अरमान सप्टेंबरात गेला आणि साबिरा रडली नाही. कोपरखैरण्याच्या त्या गल्लीतल्या बायकांना ही गोष्ट दोन महिने पुरली. अरमान तुर्भ्याच्या एका गोदामात सुपरवायझर होता. सकाळी अकराच्या चहाला टपरीवर उभा राहिला, छातीला हात लावून खाली बसला आणि परत उठला नाही. एकोणचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस. खबर आली तेव्हा साबिरा महाप्याच्या कारखान्यात बेंचावर बसून एका बोर्डाला सोल्डर मारत होती. तिने हातातला जोड पुरा केला, गन स्टँडवर ठेवली, स्विच बंद केला आणि मगच उठली. हेसुद्धा लोकांनी नंतर एकमेकांना सांगितलं, जसं काही तिने गुन्हाच केला. तापलेली गन तशीच टाकून उठलं की बेंच पेटतो, हे त्या सांगणाऱ्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

साबिरा पनवेलची लेक आणि म्हसळ्याची सून. आयटीआयला तिच्या बॅचमध्ये एकतीस पोरं होती आणि ही एकटी पोरगी. पहिले सहा महिने मास्तर तिला फक्त वायरी सोलायला द्यायचे. तिने इतक्या वायरी सोलल्या की शेवटी दातांनी सोलली तरी आतली एक काडी तुटायची नाही. महाप्याला कमळाकर नावाच्या गृहस्थांनी पार्टनरबरोबर छोटा कारखाना काढला, कोल्ड स्टोरेजचं तापमान सांभाळणारे कंट्रोलर बनवायचे, तिथे ती पहिल्या वर्षापासून होती. बोर्ड बनवायला सहा माणसं होती, पण बिघडलेला बोर्ड का बिघडला हे शोधायला फक्त साबिरा. तिला म्हणे बोर्ड बघूनच कळायचं. तसं काही नसतं. ती एकेक गोष्ट तपासायची आणि तपासलेली वहीत टिपायची, एवढंच. पण हे करायला जो धीर लागतो तो त्या सहा जणांत एकालाही नव्हता, म्हणून मग चमत्कार म्हणायचं.

अरमान गेल्यावर ती इद्दतीला बसली. चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल नाही, परक्या पुरुषासमोर येणं नाही. मौलवीसाहेबांनी सांगून पाहिलं की पोटापाण्यासाठी दिवसा बाहेर जायला हरकत नाही, पण साबिरानेच मान हलवली. तिला कुठे जायचंच नव्हतं. लोक समजले की ही फार दुःखात आहे. खरं तर तिला काहीच होत नव्हतं. दाढ काढताना डॉक्टर सुई देतात आणि गाल आपला असून आपला राहत नाही, तसं तिचं अंगभर झालं होतं. भाजीत मीठ आहे की नाही हे ती सहरला विचारायची. सहर तिची नऊ वर्षांची मुलगी, ती बिचारी प्रत्येक वेळी "आहे" म्हणायची.

गावठाणातली सखूबाई मासळीची पाटी घेऊन दारात यायची. ती पाटी बाजूला ठेवून उंबऱ्यात बसायची आणि साबिराच्या वाटचं स्वतःच रडून घ्यायची. "रड गो बाय, रड. पोटान नको ठेवू. माजा घोव गेला तवा आठ दिस पानी थांबत नव्हता डोल्यांचा." साबिरा तिला पाणी द्यायची आणि बांगडे घ्यायची. बांगडे ताजे आहेत का हे मात्र तिचे हात अजून बरोबर ओळखायचे.

घरात तिसरं माणूस होतं ते तिचे सासरे, अब्दुर्रहमान. एकतीस वर्षं बोटीवर काढलेली, तीही वर डेकवर वारा खात नव्हे, खाली इंजिनरूममध्ये. तिथे तेलपाणी करायचं आणि दर तासाला गेजवरचे आकडे वाचून वहीत लिहायचे. त्या आवाजाने एक कान गेला होता, त्यामुळे स्वतः बोलायचे ते समोरचा बहिरा असल्यासारखं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, अरमान एकुलता एक. म्हसळ्याचं घर कुलूप लावून ते इद्दतीपुरते आले होते, आणि इद्दत सुटली की सून-नात दोघींना घेऊन जायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "घर हाय, वाडी हाय, पोरीला शाळा हाय. इथं काय ठेवलंय?" असं ते दर दोन दिवसांनी म्हणायचे. साबिरा हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. इथे आपली नोकरी आहे, सहरची शाळा आहे, अरमानने दहा वर्षं हप्ते भरून घेतलेलं हे दीड खोल्यांचं घर आहे, हे तिला माहीत होतं. आपल्याला इथेच राहायला हवंय, हेही तिला पाठ केल्यासारखं माहीत होतं. फक्त ते हवंसं वाटत नव्हतं, कारण काहीच वाटत नव्हतं.

दिवाळी सरली आणि एका मंगळवारी कमळाकर सर टेम्पोतून कॉम्प्युटर, एक बोर्ड आणि कारखान्यातली केबल घेऊन दारात उभे राहिले. एका हातात मॉनिटरची वायर, दुसऱ्या हातात चिवड्या-चकल्यांची पिशवी. साबिरा आत गेली आणि मधल्या दाराचा पडदा ओढला. सरांनी इद्दत कधी बघितलेली नव्हती. आपण कुठे बघायचं हेच त्यांना समजेना, म्हणून ते फ्रीजकडे बघत बोलू लागले, आणि म्हाताऱ्याची दाढी बघून अर्थातच हिंदीत.

"चाचाजी, ये कॉम्प्युटर किधर रखनेका?"

"अवो, मराठीत बोला," अब्दुर्रहमान गरजले. "मी म्हसळ्याचा हाय, लखनौचा नाय."

सर ओशाळले, हसले आणि मग एकदम मोकळे झाले. पडद्याकडे तोंड करून त्यांनी मोठ्याने सगळं सांगितलं. बारा बोर्ड अडकले होते. बोर्डावरच्या चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचा, चिप बोलते की नाही बघायचं आणि चूक शोधायची, हे काम साबिराशिवाय कोणाला येत नव्हतं. पार्टनर म्हणत होता, दुसरा माणूस घेऊ, जाहिरात देऊ. "मी त्याला म्हटलं, काम घरून होतंय ना, मग खुर्ची कुठे रिकामी आहे? साबिराबाई, शनिवारी अकराला मी येतो. तोपर्यंत एक बोर्ड, फक्त एक, इथून चालवून दाखवा. मग जानेवारीत या आरामात. नाही झालं तर मात्र मला त्याला थांबवता येणार नाही."

"हो सर," पडद्यामागून आवाज आला. तो आवाज ऐकून सरांना वाटलं असणार, हिला बरं वाटलं.

आता त्या केबलबद्दल सांगायला हवं. कॉम्प्युटरच्या पाठीला प्रिंटर लावायचं भोक असतं, पोर्ट म्हणतात त्याला, तिथून बोर्डावरच्या चिपपर्यंत जी केबल लागते ती परदेशातून यायची आणि दोन-दोन महिने यायची नाही. तीन वर्षांपूर्वी साबिराने ती स्वतः बनवली. कारखान्यात इंटरकॉमची चार तारांची वायर उरली होती. लाल, हिरवी, पिवळी, पांढरी. चिपशी बोलायला चारच खुणा लागतात, दोन सांगायच्या, एक ऐकायची आणि एक ताल धरायची. चार खुणा, चार तारा, मध्ये एक छोटी आयसी. पहिल्या झटक्यात चालली. सर गिऱ्हाइकांना ती हातात घेऊन दाखवायचे आणि "मेड इन महापे" म्हणायचे. साबिराने आयुष्यात मिरवावं असं फार काही केलं नव्हतं, पण ही केबल बनवली त्या दिवशी तिने घरी अरमानला कागदावर चित्र काढून समजावलं होतं, आणि त्याला काही न कळूनही त्याने ते चित्र फ्रीजवर चिकटवलं होतं.

बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवणं भाग होतं, कारण तीन पिनांचा एकुलता एक पॉइंट फ्रीजजवळ होता आणि आतल्या खोलीत पलंग आणि कपाट सोडलं तर माणूस वळेल एवढीसुद्धा जागा नव्हती. पण बाहेर दुपारपासून म्हाताऱ्याला भेटायला माणसं येऊन बसायची, साबिराला तिथे बसता येत नव्हतं. मग तोड निघाली ती अशी, की कॉम्प्युटर बाहेर, बोर्ड आत, आणि केबल पडद्याखालून. साबिराने जुनी केबल समोर ठेवून तिच्यासारखीच हुबेहूब नवी बनवली, फक्त चार मीटर लांब. बाहेर बटण दाबायला आणि स्क्रीन वाचायला अब्दुर्रहमान. त्यांना बोटीवरच्या इंग्रजीतून अक्षरं आणि आकडे पक्के येत होते. म्हाताऱ्याने हातपाय धुतले, चष्मा पुसला आणि ते ड्युटीवर बसल्यासारखे खुर्चीत बसले.

बुधवारी सकाळी साबिराने बोर्डाला एलिमिनेटर लावला, तोच तो रेडिओला लावतात तसा दोन पिनांचा छोटा डबा, आणि आवाज दिला, "दाबा, अब्बा."

"दाबला," बाहेरून गर्जना आली. "नो टार्गेट."

"परत."

"नो टार्गेट!"

शेजारच्या भिंतीला कान असते तर त्यांना त्या दिवशी हे दोन शब्द पन्नास वेळा ऐकू आले असते. नो टार्गेट म्हणजे कॉम्प्युटर हाका मारतोय आणि पलीकडे कोणी नाही. चिप बोलली की तिचा आठ अक्षरांचा नंबर स्क्रीनवर येतो, हे तिने म्हाताऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं. साबिराने वही काढली. पहिला संशय लांबीवर. टेबल पडद्याच्या जवळ सरकवून तिने केबलचा दीड मीटर तुकडा कापून टाकला. नो टार्गेट. मग मल्टीमीटर घेतला आणि एकेका तारेच्या दोन्ही टोकांना लावला. लाल, बीप. हिरवी, बीप. पिवळी, बीप. पांढरी, बीप. चारही तारा ठणठणीत. तिने चारही जोड उकलून पुन्हा सोल्डर केले, परत बीप घेतले. आयसी बदलली. प्रोग्रॅममध्ये वेग कमी करायची सोय होती, ती कुठली बटणं दाबून करायची हे तिने आतून सांगितलं आणि म्हाताऱ्याने तंतोतंत केलं. नो टार्गेट.

गुरुवारी दुपारी तिने बोर्ड उचलून डाव्या हातात घट्ट धरला, उजव्या हाताने कनेक्टर दाबून धरला, न जाणो पिनच सैल असली तर. "बोर्ड हातात धरते," ती आतून म्हणाली. "दाबा, अब्बा." बाहेर खुर्ची पुढे सरकली. मग आवाज आला, "नो टार्गेट." त्या खेपेला गर्जना नव्हती, पण साबिराला ते जाणवलं नाही. तिने वहीत लिहिलं, कनेक्टर ठीक.

शुक्रवारी म्हातारा जुम्म्याच्या नमाजाला गेला. घर रिकामं होतं. साबिरा बाहेर आली, बोर्ड थेट कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवला, एलिमिनेटर जवळच्या पॉइंटला लावला आणि कारखान्यातली ती जुनी, तीन वर्षं चाललेली हातभर केबल लावली. एन्टर दाबलं. स्क्रीनवर तेच दोन शब्द आले, जे तिने आतापर्यंत फक्त ऐकले होते. तिने वही उघडली. म्हणजे लांबीचा प्रश्नच नव्हता. केबल जुनी आणि खात्रीची, बोर्ड सरांनी स्वतः तपासून दिलेला. राहता राहिला कॉम्प्युटरचा पोर्ट. टेम्पोत धक्के खाऊन तो गेला असणार, असं तिने वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. वहीत रेघ मारली की प्रकरण संपलं, अशी तिची पद्धत होती. दुसरं कोणी असतं तर रडलं असतं, चिडलं असतं, निदान वही आपटली असती. साबिराने भांडी घासायला घेतली.

संध्याकाळी तिने सासऱ्यांना सांगितलं, "अब्बा, नाही जमत. उद्या सरांना सांगते, दुसरं माणूस बघा म्हणून."

"नाय जमत?"

"नाय."

"मग म्हसळ्याला?"

"हो," ती म्हणाली. "येते." म्हणताना आपल्याला बरं वाटतंय की वाईट, हे तिने स्वतःला विचारून बघितलं, पण आतून काही उत्तर आलं नाही. समोर म्हाताऱ्याने ताट बाजूला सारलं. त्यांच्या आवडीचं बांगड्याचं कालवण होतं, तरी त्यांनी दोन घास खाऊन हात धुतला. साबिराने विचारलं, बरं नाही का, तर ते पोट बिघडलंय म्हणाले.

शनिवारी पहाटेच्या फजरच्या नमाजाहून म्हातारा परत आला तो सरळ स्वयंपाकाच्या ओट्याजवळ येऊन उभा राहिला. सहर अजून झोपलेली होती. साबिरा चहाचं आधण ठेवत होती.

"साबिरा, परवा जुमेरातीला दुपारी तू बोर्ड हातात धरला व्हतास ना? तवा नंबर आला व्हता."

साबिराने मागे वळून बघितलं.

"आठ अक्षरं आली. वेडीवाकडी व्हती, क्षणभर दिसली, मग दुसरीच आली. पण नो टार्गेट नव्हता. मी बोललो नो टार्गेट." म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलत होता. "एकतीस वरीस गेज वाचला. चीफ इंजिनिअर वर झोपलेला असायचा, मी वहीत लिवीन ते खरं. कधी एक आकडा खोटा लिवला नाय. आन् आपल्या घरात लिवला."

"का, अब्बा?"

"तुला नाय जमला तर तू माझ्यासंगं येशील. एवढंच आलं मनात, दुसरा काय नाय. त्या घरात मी एकटा काय करू? काल तू येते बोललीस, तर माझ्या गळ्याखाली घास उतरेना."

आता इथे साबिराला राग यायला हवा होता. दोन दिवस तिने आपल्या कामावर, आपल्या हातांवर संशय घेतला होता, ती नोकरी सोडून गावी जायला कबूल झाली होती, आणि हे म्हातारबुवा बाहेर बसून सगळं बघत होते. कोणालाही आला असता. पण तिच्या डोक्यात त्या सगळ्या बोलण्यातून एकच शब्द अडकून राहिला होता.

"कुठल्या हातात धरला होता मी बोर्ड?"

म्हातारा गोंधळला. "मना काय ठाव? तू पडद्याआड व्हतीस. तूच बोललीस, हातात धरते म्हणून."

डाव्या. तिला आठवलं. बोर्डाच्या कडेची चकचकीत पट्टी तळहातात रुतली होती, आणि ती फरशीवर अनवाणी उभी होती. आधणाला उकळी आली, तिने गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसली. हात लावला तर चिप बोलते, काढला तर गप्प. हात म्हणजे अंग आणि अंग म्हणजे जमीन. मग तिने केबल मांडीवर घेतली आणि तारा मोजल्या, लहान मूल मोजतं तशा, बोट लावून. लाल, हिरवी, पिवळी, पांढरी.

कोणतीही खूण एका तारेने जाते ती दुसऱ्या तारेने परत यावी लागते. हे आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. परत यायची ती पाचवी तार, अर्थाची, म्हणजे अर्थिंगची. साबिराच्या केबलला ती कधी नव्हतीच. तीन वर्षं केबल चालली ती कारखान्याच्या जिवावर. तिथला बोर्डाला वीज देणारा मोठा सप्लाय तीन पिनांचा होता आणि त्याचं काळं, परतीचं टोक पेटीच्या पत्र्याला बांधलेलं होतं. पत्र्यातून ते पिनेत, पिनेतून भिंतीत, आणि भिंतीतून फिरून त्याच स्विचबोर्डाला लावलेल्या कॉम्प्युटरच्या पाठीत जात होतं. पाचवी तार सगळा वेळ तिथे होती, फक्त कोणाला दिसत नव्हती. घरी आल्यावर दोन पिनांचा एलिमिनेटर लागला आणि तो रस्ता तुटला. आणि साबिराने काय केलं? होत्या त्या चार तारा दहा-दहा वेळा तपासल्या. जी तार नाहीच, तिचा बीप मीटरमध्ये वाजत नाही आणि न वाजण्याचाही आवाज होत नाही. पोर्ट बिचारा धडधाकट होता.

बुधवारी कापलेला दीड मीटरचा तुकडा पलंगाखाली पडला होता. तिने तो सोलला, त्यातल्या दोन तारा काढून एकीला एक जोडल्या, एक टोक पोर्टाच्या अर्थाला आणि एक बोर्डाच्या काळ्या टोकाला सोल्डर केलं, आणि ती नवी तार पडद्याखालच्या लांब केबलला शिवणाच्या दोऱ्याने वीतवीतभर अंतरावर बांधून टाकली. दिसायला अगदीच गबाळं दिसत होतं.

"बसता काय, अब्बा?" तिने विचारलं.

म्हातारा दारातच उभा होता. "मी बसू?"

"दुसरं कोण हाय?"

ते खुर्चीत बसले. चष्मा पुसायचं विसरले. साबिराने पडदा ओढला नाही, तशी गरजही नव्हती, घरात परकं कोणी नव्हतं. पण सवयीने ती आतच राहिली. "दाबा."

"टू," म्हातारा म्हणाला. "सेवन. झिरो. सी. फोर. झिरो. एट. वन."

साबिराने चिपच्या कागदावर बोट ठेवलं. आठही अक्षरं जागच्या जागी होती. तिने अजून दहा वेळा दाबायला लावलं, दहाही वेळा तीच आली. मग प्रोग्रॅम भरला. सहर उठून डोळे चोळत बाहेर आली तेव्हा बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता आणि चहा गार झालेला होता.

अकराला सर आले. साबिरा पडद्यामागे गेली. म्हाताऱ्याने एन्टर दाबून दाखवलं, सरांनी स्क्रीन बघितली, दोऱ्याने बांधलेली तार बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे तीन वर्षं अर्थ नव्हताच?"

"नव्हता, सर."

"आणि मी ती गिऱ्हाइकांना दाखवत होतो! वा, वा." ते इतके हसले की शेवटी त्यांनाच वाटलं, दुःखाचं घर आहे, आणि ते घाईने बाहेर वळले. टेम्पोतून उरलेले अकरा बोर्ड त्यांनी खोक्यासकट आणून ठेवले. "पार्टनरला मी आजच सांगतो. खुर्ची तुमची आहे, साबिराबाई. जानेवारीत या." जाताना ते म्हाताऱ्याला म्हणाले, "चाचा, तुम्हालाही कामाला ठेवायला हवं आमच्याकडे." म्हाताऱ्याने नुसती मान हलवली.

टेम्पो गेला. सहर शाळेला गेली. घरात आवाज उरला तो कॉम्प्युटरच्या पंख्याचा. साबिरा पलंगावर बसून दुसरा बोर्ड खोक्यातून काढत होती. जे व्हायला हवं होतं ते झालं होतं. नोकरी राहिली, घर राहिलं, पोरीची शाळा राहिली. आपल्याला आनंद व्हायला हवा, हे तिने स्वतःला एकदा सांगून बघितलं आणि सोडून दिलं.

"इद्दत सुटली का मी निघेन," बाहेरून म्हाताऱ्याचा आवाज आला. "सकाळची एसटी बरी पडते."

"हो, अब्बा."

"तुमी दोघी इथंच बऱ्या."

"हो."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. मग एन्टर दाबल्याचा आला. तिने सांगितलं नव्हतं. पहिला बोर्ड अजून केबलला तसाच लावलेला होता.

"टू," म्हातारा वाचू लागला. "सेवन. झिरो. सी. फोर. झिरो. एट. वन."

"बरोबर," साबिरा म्हणाली.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तीच आठ अक्षरं, एकेक सुटी करून, जशी खाली इंजिनरूममध्ये कोणी वर लिहून घेणाऱ्याला ओरडून सांगावीत तशी. आता त्या वाचण्याचा कोणाला काही उपयोग नव्हता. सर बघून गेले होते, काम झालं होतं. ह्याच नंबरामुळे म्हातारा एकटा म्हसळ्याला जाणार होता, कुलूप काढून त्या घरात एकटा शिरणार होता, आणि तो नंबर तो एक अक्षर इकडचं तिकडे न करता वाचत होता. साबिराच्या मनात आलं, ह्या माणसाचा मुलगा मेला. दोन महिन्यांत तिने असं कधी म्हटलं नव्हतं. माझा नवरा गेला, सहरचा बाप गेला, हे तिने शंभर वेळा म्हटलं होतं, आणि लोकांनीही म्हटलं होतं, आणि त्याने काही झालं नव्हतं. ह्या बाहेर बसलेल्या माणसाचा एकुलता एक मुलगा मेला, आणि त्याचं नाव अरमान होतं. तिला म्हाताऱ्याची दया आली, इतकी, की छातीत दुखलं, आणि त्या दुखण्यामागून अरमान आला, पुरा आला, त्याच्या चहा पिण्याच्या आवाजासकट.

"एट. वन," म्हातारा बाहेर म्हणाला, आणि थांबला. बरोबर म्हणायला साबिराने तोंड उघडलं होतं, पण शब्दाच्या जागी दुसराच आवाज निघाला. बोर्ड तिच्या मांडीवरून खाली पडला. तिने तोंडात ओढणी कोंबली, तरी तो आवाज थांबेना.

"चुकला काय?" म्हाताऱ्याने घाबरून विचारलं. "साबिरा? मी बरोबर वाचला. आता खोटा नाय वाचला, आल्लाची कसम. चुकला काय?"

"नाय, अब्बा," ती हुंदक्यातून म्हणाली. "बरोबर हाय. सगळं बरोबर हाय." आणि ती रडत राहिली.